संपलेली बॅटरी परत उठते का?

गाडीची बॅटरी गेली असं कुणी म्हटलं, की मी व्होल्टमीटरआधी हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजायची काचेची नळी, शोधतो. सेलचं बूच काढायचं, नळी आत सोडायची, रबरी फुगा दाबून हळूच सैल करायचा. काचेच्या नळीत आम्ल चढतं आणि आतला तरंगक हलतो. त्याच्यावरचा आकडा नंतर वाचावा, आधी रंग बघावा. आम्ल पाण्यासारखं नितळ असेल तर आशा धरायला जागा आहे. तपकिरी, गढूळ, कण तरंगत असलेलं आलं, तर मी चार्जर काढतही नाही.

हा रंग एवढा बोलका का, ते समजायला प्लेटपर्यंत जावं लागतं. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाची बॅटरी बनवली. तिचं रसायन आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. धन प्लेटवर गडद तपकिरी लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसं. वीज घेतली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होत जातं. त्याची सापेक्ष घनता पूर्ण चार्ज असताना सुमारे १.२७ असते, ती पार उतरल्यावर १.१२ च्या आसपास येते. चार्जिंग म्हणजे हाच प्रवास उलटा.

दिवा रात्रभर चालू राहिला म्हणून बसलेली बॅटरी खरं तर आजारी नसतेच. सल्फेटचे कण अजून बारीक असतात, विजेला सहज दाद देतात. चार्जिंगला लावा, उठेल.

तीच बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेली पडू दिली तर गोष्ट बदलते. बारीक कण हळूहळू विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. मोठे आणखी मोठे, कठीण होत जातात. लेड सल्फेटमधून वीज वाहत नाही आणि ते आम्लात जेमतेम विरघळतं, त्यामुळे या जाड खड्यांपर्यंत चार्जरची वीज पोचतच नाही. हेच सल्फेशन. यावर मला पटलेला उपाय एकच आहे: एक-दोन अँपिअरचा मंद प्रवाह, एक-दोन दिवस, धीराने. काही क्षमता परत येते, क्वचितच सगळी. विजेचे झटके देऊन खडे फोडणारी उपकरणं मिळतात. त्यांच्याबद्दलचे दावे पुराव्यापेक्षा बरेच मोठे आहेत.

तिसरी अवस्था मात्र वेगळीच. लेड सल्फेट लेड डायऑक्साइडपेक्षा जवळपास दुप्पट जागा घेतं. म्हणून बॅटरी उतरते-चार्ज होते त्या प्रत्येक वेळी धन प्लेटवरचा लेप फुगतो, आकसतो, भुसभुशीत होतो आणि गळू लागतो. लेप धरून ठेवणारी शिशाची जाळीही गंजत जाते. नळीत दिसलेला तपकिरी गढूळपणा हा तो गळालेला लेप. तळाशी गाळ साचून प्लेटांना टेकला की तो सेल शॉर्ट होतो आणि चार्ज केलेली बॅटरीही साडेदहा व्होल्टच्या वर जात नाही. गळालेलं प्लेटवर परत चढवणारा चार्जर नाही, आणि पूडही नाही.

पुडीवरून तर मोठं रण माजलं होतं. अमेरिकेत एडी-एक्स२ नावाची पूड बॅटरीला संजीवनी म्हणून विकली जात होती. त्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट क्षार. तिथल्या राष्ट्रीय मानक ब्युरोने ती निरुपयोगी ठरवली. १९५३ मध्ये वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी ब्युरोचे संचालक ॲलन ॲस्टिन यांच्याकडे राजीनामाच मागितला. शास्त्रज्ञ खवळून उठले, ॲस्टिन पदावर राहिले आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ब्युरोचीच बाजू बरोबर ठरवली. अशा पुडीने गुण आला असं लोकांना मनापासून वाटतं, याचं मला नवल वाटत नाही. पूड टाकून बॅटरी चार्जिंगला लावली, तर नुसती उतरलेली बॅटरी चार्जिंगनेच उठते आणि श्रेय पुडीला जातं.

म्हणून ‘उठलेल्या’ बॅटरीचे १२.६ व्होल्ट बघून हुरळू नये. गाळाने भरलेल्या तळ्याची पातळी काठोकाठ दिसते, पाणी मात्र थोडंच असतं. खरी परीक्षा भाराची. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास नुसती ठेवावी. मग तिच्यावर छापलेल्या सीसीए (थंडीत गाडी सुरू करताना बॅटरी किती अँपिअर देऊ शकते) आकड्याच्या निम्मा प्रवाह पंधरा सेकंद खेचावा. साधारण २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर तिचा भरवसा धरू नये.

जुनं आम्ल ओतून नवं भरण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. हरवलेलं आम्ल प्लेटांवरच्या सल्फेटमध्ये अडकलेलं असतं; वरून नवं ओतलं की हायड्रोमीटरचा आकडा चढतो, चार्ज नाही. पातळी कमी झाली असेल तर डिस्टिल्ड वॉटर, एवढंच. आणि चार्जिंग मोकळ्या हवेत करावं, कारण बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो.

भाराला न टिकलेली बॅटरी घरी फोडू नये. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला इजा करते आणि तिची सुरक्षित अशी मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही. अशी बॅटरी अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्यावी. तिथल्या भट्टीत तळाच्या गाळाचंही पुन्हा शिसं होतं.