क्लाइव लॉइडमधला क्लाइव कुठला?

इतिहासाच्या पुस्तकात रॉबर्ट क्लाइव आणि रेडिओच्या कॉमेंट्रीत क्लाइव लॉइड, दोघे एकाच वयात भेटले. एकाचं आडनाव ते दुसऱ्याचं नाव कसं, हे कोडं तेव्हापासूनचं. क्लाइव हे मुळात इंग्लंडच्या श्रॉपशायरमधलं गाव, अर्थ कडा. गावावरून आडनाव झालं, आपल्या नगरकरांसारखं. १७५७ ला रॉबर्ट क्लाइवने प्लासीची लढाई जिंकली आणि यथावकाश ते आडनाव पाळण्यात गेलं.

इंग्रजांकडे ही वाट मळलेलीच होती. आईच्या माहेरचं आडनाव मुलाचं पहिलं किंवा मधलं नाव म्हणून चालायचं. आपल्याकडे मधली जागा बापाची आणि आडनाव भावकीचं. म्हणून पोराचं नाव तानाजी ठेवतात, मालुसरे नाही.

माझं लाडकं उदाहरण ड्यूईचं. १ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात कमोडोर जॉर्ज ड्यूईने स्पॅनिश आरमार एका सकाळीत संपवलं. त्या वर्षी जन्मलेल्या अमेरिकी मुलांच्या नावांत ‘ड्यूई’ पहिल्या विसांत आहे. ही यादी सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी पेन्शन योजनेची, आणि योजनाच १९३५ ची! म्हणजे जो ड्यूई जगला आणि ज्याने पुढे कार्ड काढलं, तोच मोजला गेला. मग आकड्यावर भरवसा काय? एकूण संख्येवर नाहीच. पण १८९७ आणि १८९८ ची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात गळली असणार, त्यामुळे दोन वर्षांमधली उडी खरी मानता येते.

दुसऱ्या महायुद्धातला ड्वाइट आयझेनहॉवर तर याहून मोठा सेनापती. त्याचं आडनाव का चिकटलं नाही? उच्चारून बघा. हॅरी, हेन्री यांसारखी दोन अवयवांची (सिलेबलची), पहिल्यावर जोर असलेली नावं इंग्रजीत खपतात. ड्यूई त्या साच्यात बसतो, इंग्रज नौसेनापती नेल्सनही. आयझेनहॉवर चार अवयवांचा; लोकांनी त्याचं ‘ड्वाइट’ उचललं.

अक्षरांची बेरीज करून नशीब सांगणाऱ्यांनी एवढ्या ड्यूईंची एकच पत्रिका मांडून दाखवावी. खुद्द ड्यूई १९०० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहायला निघाला आणि हसं होऊन महिन्या-दीड महिन्यात मागे फिरला.

पिढी-दोन पिढ्यांत वीर गळून पडतो, नाद उरतो. गोव्यातल्या एखाद्या नेल्सनला नेल्सनने जिंकलेल्या १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईबद्दल विचारून बघा. रोमेल हे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापतीचं आडनाव, पण पनामा सिटीतल्या स्टेडियमला रोमेल फर्नांडिस या फुटबॉलपटूचं नाव आहे. जर्मनीत मात्र मुलाचं नाव म्हणून निव्वळ आडनाव नोंदवायला निबंधक सहसा तयार होत नाहीत.