सोसायटीतला सांता

ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी लाल कोट, कापसाची दाढी लावून जो माणूस येतो तो सोसायटीतला सांता, आणि त्याला बघून लहान मुलांची जी पक्की खात्री होते की सांता असतोच, ती पण याच नावाखाली धरायला हरकत नाही. माणूस बहुतेक कमिटीतलाच असतो, ढेरीवाले काका मिळाले तर उशी बांधावी लागत नाही. गिफ्टं आईबाबांनी दुपारीच नाव लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये दिलेली असतात, पण मुलांना दाढीपेक्षा मोठा चमत्कार वाटतो तो हा की याला माझं नाव कसं माहीत.

मूळ सांता म्हणजे चौथ्या शतकातले मायराचे बिशप निकोलस, मायरा आत्ताच्या तुर्कस्तानात. डच लोकांचा सिंटरक्लास अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाला. धुराड्यातून घरात उतरणं तिकडचं. आपल्या फ्लॅटला कुठलं धुराडं, मग तो येतो कुठून हे प्रत्येक घरात विचारलं जातंच, बाल्कनीतून म्हणावं तर कबुतरांची जाळी, लिफ्टने म्हणावं तर रेनडिअर कुठे पार्क केले, आणि एकदा काही सांगितलं की पुढच्या वर्षीही तेच सांगावं लागतं कारण पोरं विसरत नाहीत.

मोठ्यांनी मिळून एखादं पात्र उभं करणं मराठी घरांना नवीन नाही, बागुलबुवा होताच की, फक्त तो जेवला नाहीस तर न्यायला यायचा. आता दोघांची सरमिसळ झालीये, "मस्ती केलीस तर सांता गिफ्ट देणार नाही" हे डिसेंबरभर ऐकू येतं (जरा चीटिंगच आहे हे).

ठाण्यातल्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती) घरांत गंमत वेगळी. तिथे नाताळ म्हणजे आधी गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, ज्याची सुरुवात असिसीच्या सेंट फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्चोला केली असं मानतात. मारिया, जोसेफ, मेंढरं सगळं मांडून होतं पण गव्हाण रिकामी, बाळ येशू रात्रीच येणार, तोवर पोरं दर दहा मिनिटांनी जाऊन डोकावतात आणि कलकल (नाताळचा गोड तळलेला खाऊ) तोंडात टाकून परत येतात. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये ख्रिस्ती नसलेली घरंही मुलांना घेऊन जातात.

सांतावरचा विश्वास साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत टिकतो. दाढीमुळे कोणी पकडला जात नाही, पकडला जातो तो चपलेमुळे नाहीतर आवाजामुळे. ज्याला कळतं तो धाकट्यांना सांगत नाही, एक तर गिफ्ट बंद होईल ही भीती, आणि दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी पोतं धरायला त्यालाच बोलावतात.