कीलॉइड बसला खरा, पण किती दिवस?

इतवारीच्या सराफ्यात कान टोचले, काही महिन्यांनी पाळीमागे वाटाण्याएवढी गाठ आली, की घरच्यांचं निदान तयार असतं: 'मांस वाढलं.' पाठोपाठ सल्लाही येतो, कापून टाक, सुट्टी! पण ही गाठ म्हणजे कीलॉइड, जखमेनंतर वाढत जाणारा वण. तो नुसता कापला, तर तो परत येण्याचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत 45 ते 100 टक्के निघालं आहे. परत येताना कधीकधी तो आधीपेक्षा मोठा येतो.

वाढलेले वण दोन प्रकारचे. सायलेन्सरच्या चटक्यानं पोटरीवर उठलेला हायपरट्रॉफिक वण जखमेची हद्द सोडत नाही आणि पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतो. कीलॉइड मात्र हद्द ओलांडून चांगल्या त्वचेत शिरतो आणि आपणहून सहसा जात नाही. जखम भरून आली तरी पेशी कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, बनवतच राहतात, हे दोन्हींतलं साम्य.

गोम इथेच आहे. आपोआप बसणाऱ्या वणावर सहा महिने कुठलंही मलम चोळा, श्रेय मलमालाच मिळणार! म्हणून तुलना हवी. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या ताज्या वणाच्या अर्ध्या भागावर साधं मलम लावलं, उरलेल्या अर्ध्यावर तेच मलम व्हिटॅमिन ई घालून. रुग्ण जेमतेम 15. फायदा तर दिसला नाहीच, उलट साधारण तिघांतल्या एकाला ॲलर्जीचं पुरळ उठलं. तरी व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून वणावर चोळणं काही थांबलेलं नाही.

कीलॉइडमध्ये ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. गाठ इतकी घट्ट असते की औषध आत जायला जोर लावावा लागतो, आणि दुखतं चांगलंच. गाठ सपाट होते, पण कधीकधी तिथली त्वचा पातळ किंवा पांढरी पडते. सावळ्या कातडीवर तो पांढरा डाग लांबूनही दिसतो. याला यश म्हणायचं का? ते मोजणाऱ्यावर अवलंबून. 1990 ची व्हँकुव्हर मोजपट्टी वणाचा रंग, रक्तवाहिन्या, ताठरपणा आणि उंची बघते. खाज विचारत नाही. मे महिन्यात, 45 अंशांच्या नागपुरी उन्हात, घामानं चुणचुणणाऱ्या कीलॉइडवाल्याला विचारा, त्याला उंचीचं फारसं पडलेलं नसतं. 2004 च्या पोसास मोजपट्टीत रुग्णही स्वतः गुण देतो, हे मला जास्त पटतं.

सिलिकॉनची पट्टी रोज 12 तासांहून जास्त, काही महिने लावायची असते. तिचे पुरावे कच्चे आहेत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती घामानं निसटते, खाली पुरळ येतं. शस्त्रक्रियेला इंजेक्शनं किंवा रेडिएशनची जोड दिली तर कीलॉइड परत येण्याचं प्रमाण बरंच घटतं. मात्र 'घटलं' हे कधी मोजलं, ते बघावं. सहाव्या महिन्यात सपाट असलेली जागा दुसऱ्या वर्षी पुन्हा उठू शकते. तोवर अनेक रुग्ण तपासणीला यायचे थांबलेले असतात. त्यातले किती बरे झाले म्हणून आले नाहीत आणि किती कंटाळून, हे टक्केवारीत दिसत नाही.