बासष्टावा किलोमीटर: लाइनवरचा फॉल्ट वेव्हलेटने कसा सापडतो

सह्याद्रीतून जाणारी ४०० केव्हीची (चार लाख व्होल्टची) एखादी वीजलाइन भर पावसात ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. बिघाड ओळखणाऱ्या रिलेने आपले काम चोख केलेले असते: फॉल्ट उमटल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत दोन्ही टोकांचे ब्रेकर उघडलेले असतात. खरे काम त्यानंतर सुरू होते, ते म्हणजे बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्याचे. लाइन २०० किलोमीटरची असेल आणि दर ४०० मीटरला एक टॉवर धरला, तर पाचशे टॉवर झाले. फुटलेला इन्सुलेटर किंवा तारेला टेकलेली फांदी यांपैकी कोणत्या तरी एका ठिकाणी आहे.

रिले व्होल्टेज आणि करंटवरून इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण विरोध) काढतो आणि त्यावरून अंतराचा अंदाज देतो. पण फॉल्टच्या जागी खडकाळ जमिनीचा किंवा झाडाचा रेझिस्टन्स मध्ये आला, शेजारून दुसरी लाइन जात असली, किंवा लाइनचे झीरो सीक्वेन्सचे (जमिनीतून परतणाऱ्या करंटसाठीचे) आकडे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच असले, की हा अंदाज सरकतो. २ टक्के चूक म्हणजे ४ किलोमीटर, म्हणजे दहा टॉवर. सपाटीवर जीप फिरवून ते पाहता येतात; घाटात, धुक्यात, निसरड्या पायवाटेने नाही.

यापेक्षा अचूक बातमी फॉल्ट स्वतःच पाठवत असतो. ठिणगी पडते त्या क्षणी त्या जागचे व्होल्टेज कोसळते आणि त्या धक्क्याची लाट तारेवरून दोन्ही दिशांना धावत सुटते. ओव्हरहेड लाइनवर तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास, साधारण ९८ टक्के, म्हणजे मायक्रोसेकंदाला २९४ मीटर असतो. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाइन अशी लाट अडीच मिलिसेकंदांत पार करते. लाट दोन्ही टोकांना नेमकी कधी पोचली एवढे कळले, की अंतर शाळेतल्या गणितासारखे सुटते. अडचण आहे ती ‘कधी’ या शब्दात. खाली ५० हर्ट्झचा भलामोठा डोंगर आहे, त्याचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. त्यावर काही मायक्रोसेकंदांचा एक ओरखडा उठतो, आणि तो पकडायचा आहे.

सिग्नलमध्ये कोणती वारंवारता किती आहे हे काढणारी फूरिये पद्धत इथे हात टेकते. तंबोरा सुरात लागला आहे का, हे तिला नेमके सांगता येते. तबल्यावर थाप कोणत्या क्षणी पडली, हे तिच्या आकड्यांतून सहज वाचता येत नाही, कारण ती पूर्ण मैफलीची बेरीज करून कोणता स्वर किती होता एवढेच मांडते. सिग्नलचे छोटे तुकडे करून प्रत्येकावर फूरिये चालवता येते. पण तुकड्याची लांबी आधीच ठरवावी लागते. लांब तुकडा घेतला तर वेळ पुसट होते, आखूड घेतला तर वारंवारता.

यावरचा तोडगा तेलशोधातून आला. फ्रान्समधले भूभौतिकतज्ज्ञ झाँ मॉर्ले जमिनीखालून परतणारे कंपनांचे प्रतिध्वनी तपासत होते. एकाच लांबीच्या खिडकीऐवजी त्यांनी एक छोटीशी लहर, म्हणजेच वेव्हलेट, घेतली आणि तीच ताणून किंवा आक्रसून वापरली: मंद हालचालींसाठी लांब, झटक्यांसाठी आखूड. भौतिकशास्त्रज्ञ अलेक्स ग्रॉसमान यांच्याबरोबर १९८४ मध्ये त्यांनी याला गणिती बैठक दिली. गणितज्ञ इन्ग्रिड डोबेशी यांनी १९८८ मध्ये मोजक्या आकड्यांत बसणाऱ्या वेव्हलेट घडवल्या आणि स्तेफान माला यांनी १९८९ मध्ये ते सारे दोन फिल्टरांच्या साखळीत बसवले. रिलेच्या प्रोसेसरला झेपते ती ही साखळी.

आतली यंत्रणा हाताने करून पाहण्याजोगी आहे. सर्वांत साधी वेव्हलेट गणितज्ञ आल्फ्रेड हार यांची, १९१० च्या आसपासची. आठ सॅम्पल (सिग्नलची ठराविक वेळाने घेतलेली मापे) घ्या: ४०, ४२, ४४, ४६, ४७, ५५, ४८, ४८. शेजारशेजारच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीची सरासरी एका ओळीत लिहा आणि फरकाचा निम्मा भाग दुसऱ्या ओळीत. सरासरी येतात ४१, ४५, ५१, ४८. निम्मे फरक येतात १, १, ४, ०. हळूहळू चढणारा डोंगर पहिल्या ओळीत गेला आणि ५५ चा झटका दुसऱ्या ओळीत एकटा उभा राहिला, तिसऱ्या जोडीत, म्हणजे आपल्या जागेसकट. पहिल्या ओळीवर हेच पुन्हा केले की पुढची पातळी मिळते.

आता याच पद्धतीची खोड पाहा. सॅम्पल आहेत ४०, ४०, ४०, ४०, ४८, ४८, ४८, ४८. मध्यावर ढळढळीत पायरी आहे, तरी पहिल्या पातळीचे चारही फरक शून्य येतात, कारण पायरी दोन जोड्यांच्या फटीत पडली. तीच पायरी एक सॅम्पल अलीकडे असती तर दुसऱ्या जोडीत ४ दिसले असते. फॉल्ट काही आपल्या जोड्या बघून होत नाही. म्हणून क्षण पकडायच्या कामात जोड्या सुट्या न पाडता एकेक सॅम्पल सरकत जाणारा प्रकार वापरावा. त्यात गणित वाढते, पण पायरी निसटत नाही. शिवाय नेहमीच्या प्रकारात प्रत्येक पातळीला निम्मे आकडे गळतात आणि वेळेची अचूकताही तितकीच पातळ होते.

वीजक्षेत्रात हारपेक्षा डोबेशींची डीबी४ जास्त दिसते. तिच्या फिल्टरला आठ गुणक आहेत आणि सावकाश वळणारी वक्ररेषा तिला जवळपास दिसतच नाही. ५० हर्ट्झचा डोंगर म्हणूनच नीट बाजूला होतो. नावांचा घोळ मात्र सांभाळायला हवा. काही पुस्तके गुणकांच्या संख्येवरून नाव देतात आणि हिलाच डी८ म्हणतात. त्यांची डी४ ही निराळी, चारच गुणकांची. एका पुस्तकातले गुणक आणि दुसऱ्यातले नाव घेऊन प्रोग्रॅम लिहिला, की आकडे जुळत नाहीत आणि दोष भलत्याच जागी शोधला जातो.

पातळ्या कोणत्या पट्ट्या पाहतात, ते सॅम्पलिंगच्या वेगावर ठरते. सेकंदाला ६,४०० सॅम्पल, म्हणजे एका फेऱ्यात १२८ घेतले, तर पहिली पातळी १,६०० ते ३,२०० हर्ट्झ पाहते, दुसरी ८०० ते १,६००, तिसरी ४०० ते ८००, आणि अशीच निम्म्याने उतरत पाचवी १०० ते २००. उरलेली सरासरी ० ते १०० हर्ट्झची असते आणि ५० हर्ट्झचा डोंगर तिच्यात राहतो. फॉल्ट झाला की नाही, कोणत्या फेजवर झाला, हे सांगायला एवढे पुरते. अंतर मोजायला नाही: ६,४०० च्या वेगाने दोन सॅम्पलमध्ये १५६ मायक्रोसेकंद जातात आणि तेवढ्यात लाट ४६ किलोमीटर पुढे गेलेली असते. अंतरासाठी सेकंदाला दहा लाख सॅम्पलच्या आसपास हवेत. कमी वेगाने नोंदवलेल्या रेकॉर्डवर मागाहून कितीही भारी वेव्हलेट चालवली, तरी जे नोंदलेच नाही ते परत येत नाही.

प्रत्यक्ष क्रम असा. दोन्ही टोकांना जीपीएसवर जुळवलेली घड्याळे, एक मायक्रोसेकंदाच्या आत अचूक. करंट सीटीमधून (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) घ्यायचे. मोठ्या व्होल्टेजच्या लाइनवर व्होल्टेज मोजणारे सीव्हीटी ५० हर्ट्झसाठी घडवलेले असतात आणि झटका गिळून टाकतात. सीटी मात्र काहीशे किलोहर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी इमानदार राहतात. तिन्ही फेजच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने वीज अभियंत्या एडिथ क्लार्क यांच्या रूपांतराने करंट वेगळे करायचे: एक भाग तारांतारांमधून धावणारा, दुसरा जमिनीतून परतणारा. जमिनीतला भाग हळू चालतो आणि वाटेत बोथट होतो, म्हणून वेळ पहिल्यावरून मोजायची. त्यावर वेव्हलेट चालवून पहिल्या पातळीचे आकडे काढायचे, त्यांचा वर्ग करायचा, आणि उंबरठा ओलांडणारे पहिले शिखर म्हणजे लाट पोचल्याचा क्षण.

मग अंतर = (लांबी + वेग × (अलीकडच्या टोकाची वेळ − पलीकडच्या टोकाची वेळ)) ÷ २. आपल्या २०० किलोमीटरच्या लाइनवर अलीकडच्या टोकाला लाट २५८ मायक्रोसेकंद आधी पोचली. ०.२९४ गुणिले २५८ म्हणजे ७५.८५. २०० मधून वजा करून निम्मे केले की ६२.०७ किलोमीटर. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे १५० मीटर, दोन टॉवरमधल्या अंतरापेक्षा कमी. पेट्रोलिंगच्या माणसाला एका टॉवरचा नंबर देता येतो, फार तर दोन.

हे कागदावर. आवारात चुका शिरतात त्या वेव्हलेटच्या बाहेरून. सीटीपासून कंट्रोल रूमपर्यंत २०० मीटर केबल असेल तर लाटेला तिथेच एक मायक्रोसेकंद लागतो, कारण केबलमध्ये वेग प्रकाशाच्या दोन-तृतीयांश असतो. दोन्ही टोकांची केबल सारखी नसेल तर तो फरक वजा करावा लागतो. तारेची खरी लांबी नकाशावरच्या लांबीपेक्षा झोळामुळे थोडी जास्त असते. वेग ९८ टक्के गृहीत धरण्यापेक्षा मोजलेला बरा. लाइन एका टोकाने चार्ज करताना (तिच्यात वीज सोडताना) लाट उघड्या टोकावर आपटून परत येते; २०० किलोमीटरला ही फेरी १,३६० मायक्रोसेकंदांच्या आसपास पडते, आणि या एका नोंदीत लांबी व वेगाचा मेळ बसून जातो.

उंबरठा हा सर्वांत नाजूक भाग. खाली ठेवला तर शेजारच्या आयसोलेटरच्या (लाइन वेगळी करणाऱ्या स्विचच्या) ठिणग्याही फॉल्ट ठरतात; वर ठेवला तर लांबून आलेली बोथट लाट उशिरा पकडली जाते आणि फॉल्ट भलत्या टॉवरवर दाखवला जातो. अंदाजाने आकडा टाकण्यापेक्षा संख्याशास्त्रज्ञ डोनोहो आणि जॉनस्टोन यांची १९९४ ची रीत बरी: फॉल्टच्या आधीच्या शांत तुकड्यातले पहिल्या पातळीचे आकडे चिन्ह काढून घ्या, त्यांच्या मध्यकाला ०.६७४५ ने भागा. हा झाला गोंगाटाचा आकार. १,०२४ सॅम्पल असतील तर त्याच्या ३.७ पट उंबरठा; आकड्यांचे वर्ग तपासत असाल तर उंबरठ्याचाही वर्ग करा. गोंगाट बदलला की उंबरठा आपोआप बदलतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही उंबरठ्याने सुटत नाही. व्होल्टेज शून्यावर असताना फॉल्ट झाला तर कोसळायला व्होल्टेजच नसते आणि लाटही उठत नाही. सुदैवाने इन्सुलेशन सहसा शिखराच्या आसपास हार मानते.

एकाच टोकावरून अंतर काढण्याचे मार्गही आहेत. माग्नागो आणि अबूर यांचा १९९८ चा निबंध त्यातला गाजलेला. पहिली लाट आणि फॉल्टवरून परावर्तित होऊन आलेली दुसरी, यांच्यातली वेळ मोजायची. खर्च वाचतो, पण दुसरी म्हणून आलेली लाट फॉल्टवरून आली की पलीकडच्या सबस्टेशनवरून, हा प्रश्न मानगुटीवर बसतो. बाजारातली काही उपकरणे तर वेव्हलेट हा शब्दही न उच्चारता चढ मोजून गुळगुळीत करणारा फिल्टर वापरतात. तो वेव्हलेटचा चुलतभाऊच म्हणायचा.

ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रश्न वेगळा आहे. चार्ज करताना येणारा लोंढा, म्हणजे इनरश करंट, रेटेड करंटच्या आठ-दहा पटींवर जातो आणि दोन्ही बाजूंचे करंट ताडून पाहणाऱ्या डिफरन्शियल रिलेला तो आतला फॉल्ट वाटू शकतो. रूढ उपाय असा की दुसरा हार्मोनिक (करंटमधला १०० हर्ट्झचा भाग) १५ टक्क्यांवर असला तर ट्रिप रोखायची. पण नव्या चांगल्या गाभ्यांमध्ये हे प्रमाण त्याखालीही उतरते. वेव्हलेट आकार पाहते: इनरशमध्ये करंट सपाटीवरून उसळतो आणि पुन्हा सपाटीवर येतो, त्या कोपऱ्यांवर दर फेऱ्याला टोके उमटतात, फॉल्टमध्ये सुरुवातीला एक मोठे टोक, मग शांतता.

इंडक्शन मोटरच्या फिरत्या भागातल्या (रोटरमधल्या) तुटलेल्या बारचे प्रकरण मला सर्वांत देखणे वाटते. बार तुटला की करंटमध्ये ५० × (१ − २ × स्लिप) हर्ट्झची एक बारीक रेघ येते; स्लिप म्हणजे रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या जितका मागे पडतो ते प्रमाण. २ टक्के स्लिपला ती ४८ हर्ट्झवर असते आणि फूरिये ती सहज दाखवते. तिथे वेव्हलेट काढून बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. पण मोटर बिनलोड, स्लिप ०.२ टक्के असेल तर रेघ ४९.८ वर येते, ५० ला चिकटून. ती सुटी करायला निदान ५ सेकंदांचे, प्रत्यक्षात त्याच्या काही पट लांबीचे स्थिर रेकॉर्ड लागते. त्याऐवजी मोटर चालू होतानाचा करंट घ्या. स्लिप १ वरून खाली येत असताना ही रेघ ५० हर्ट्झवरून शून्यावर उतरते आणि पुन्हा ५० कडे चढते. वेव्हलेटच्या पातळ्या एकाखाली एक मांडल्या, की दुखऱ्या मोटरमध्ये हा उतार-चढाव व्हीच्या आकारात दिसतो. चांगल्या मोटरमध्ये तो नसतो.

इथे सॅम्पलिंग ६,४०० ठेवू नका. निम्म्याने उतरताना एक सीमा बरोबर ५० हर्ट्झवर पडते आणि मुख्य करंट दोन्ही पातळ्यांत सांडतो. ५,००० घेतले तर ५० हर्ट्झ ३९ ते ७८ च्या पट्टीत सुरक्षित राहतो आणि खालच्या पट्ट्या मोकळ्या मिळतात. डीबी४ ही इथे अपुरी पडते, कारण तिच्या पट्ट्यांच्या कडा सैल आहेत. त्याच कुटुंबातली बऱ्याच मोठ्या क्रमांकाची घ्यावी लागते. मोटर अर्ध्या सेकंदाच्या आत वेग घेत असेल तर व्ही दाटीवाटीत चिरडला जातो. जड पंख्यांसारख्या, काही सेकंद घेणाऱ्या यंत्रांवर तो स्वच्छ उमटतो. आणि व्हीएफडीवर (वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) चालणाऱ्या मोटरला ही कसोटी लावण्यात अर्थ नाही: तिथे पुरवठ्याची वारंवारताच हळूहळू चढवली जाते, स्लिप सुरुवातीपासून लहानच राहते, आणि बार तुटलेला असला तरी व्ही उमटत नाही.