विणकामातील शाश्वत रचना

कपड्यासाठी सूत निवडण्यापासून तो जुना झाल्यावर त्याचे काय होणार इथपर्यंतचा हिशोब आधीच मांडून केलेल्या रचनेला शाश्वत वस्त्ररचना म्हणतात. पाणी, ऊर्जा आणि घातक रसायने कमी लागावीत, कातरण कमी पडावी, कपडा बरीच वर्षे अंगावर राहावा आणि शेवटी त्याचा धागा पुन्हा वापरता यावा, ही तिची ढोबळ उद्दिष्टे. या नोंदीचा भर सुयांवरच्या विणकामावर, म्हणजे स्वेटर, मोजे, हातमोजे आणि होजियरीच्या कपड्यांवर आहे. उसवून पुन्हा विणता येणे हा या कपड्यांचा जन्मजात गुण, आणि आजच्या उत्पादनात तोच सर्वांत सहज गमावला जातो.

मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरच्या कापडालाही चालते आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. रचना मात्र अगदी वेगळी आहे. मागावर उभ्या ताण्यातून आडवा बाणा जातो आणि शेकडो धागे एकमेकांना धरून राहतात. सुयांवर एकच धागा आधीच्या ओळीतल्या फासांतून नवे फास काढत पुढे जातो. त्यामुळे शेवटचे टोक मोकळे करून ओढले, की ओळीमागून ओळ उसवत जाते आणि हाती पुन्हा सलग धागा येतो. (ताण्यासारखे अनेक धागे उभे चालवून यंत्रावर विणलेली काही कापडे याला अपवाद आहेत.) लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वजन लावून सुकवून त्यातले वळ काढायचे आणि मोठ्या मापाचा नवा स्वेटर विणायचा, हे पुनर्वापराचे जुने आणि अगदी कमी खर्चाचे तंत्र आहे. त्यात तंतू तुटत नाही, रंग पुन्हा द्यावा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही.

कातरणीचा प्रश्न बेतण्यापासून सुरू होतो. थानातून कपडा कापताना साधारण १० ते २० टक्के कापड कातरणीत जाते, कारण मुंढा आणि गळा यांचे गोल कापड वाया न घालवता शेजारी शेजारी बसत नाहीत. जपानी किमोनो अरुंद पट्ट्याचे सरळ तुकडे जोडून शिवतात, म्हणून त्यात जवळपास काहीच वाया जात नाही. सुयांवर तर कापण्याचीच गरज नसते. टाके वाढवले की पन्हा रुंदावतो, दोनाचा एक विणला की निमुळता होतो, आणि बाही बाहीच्याच आकारात सुईवरून उतरते. इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र बनवले. पुढे १८६४ मध्ये विल्यम कॉटन यांनी आकार देत विणणाऱ्या शक्तिचलित यंत्राचे पेटंट घेतले. जपानच्या शिमा सेकी कंपनीने १९९५ मध्ये अख्खा कपडा बिनशिवणीचा विणणारे यंत्र दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानी वस्त्ररचनाकार इस्से मियाके आणि दाई फुजिवारा यांच्या ‘ए-पॉक’ प्रकल्पात विणलेल्या नळीवरच कपड्यांच्या रेषा उमटवल्या गेल्या आणि वापरणाऱ्याने त्या रेषांवरून कपडा कापून घ्यायचा अशी रचना झाली. तंत्र असे हाताशी असूनही बहुतेक टी-शर्ट आणि पुष्कळसे स्वस्त स्वेटर आजही गोल यंत्रावर थान विणून, थर लावून, कापूनच शिवतात. तसे काम वेगाने होते आणि यंत्राचा खर्च लवकर वसूल होतो.

शाश्वत विणकामाची खरी कसोटी शिवणीत आहे. दोन स्वेटर एकाच लोकरीचे, एकाच रंगाचे, एकाच मापाचे असू शकतात. पहिल्याचे भाग आकारात विणलेले आहेत, त्यांच्या कडा शाबूत आहेत आणि ते टाक्याला टाका जुळवून जोडले आहेत. ही शिवण सोडवली की एकेका भागातून लांबलचक सलग धागा निघतो. दुसऱ्याचे भाग थानातून कापलेले आहेत. कापताना प्रत्येक ओळीचा धागा दोन्ही कडांना तुटला, आणि ओव्हरलॉक यंत्राने कड छाटत त्यावरून शिवण मारली. हा स्वेटर उसवला तर हाती येतात फक्त एकेका ओळीचे आखूड तुकडे. वरून पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही. स्वेटर उलटा करून आतली शिवण पाहिली की लगेच कळते. रचनाकाराने आराखड्यावर घेतलेला हा एक निर्णय वीस वर्षांनी त्या लोकरीचे काय होणार ते ठरवतो, आणि तरीही कपड्याच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नसतो.

ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा ‘गॅन्झी’ हा घट्ट विणीचा स्वेटर या बाबतीत फार शहाणा आहे. त्याची बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात. मनगट सर्वांत आधी झिजते. तेव्हा तेवढाच भाग खालून उसवून नव्या लोकरीने विणायचा, वरच्या नक्षीला हात लावायचा नाही. बाही मनगटाकडून सुरू केली असती तर हे इतके सोपे राहिले नसते. पुढचा-मागचा भाग बहुधा सारखाच असल्याने तो फिरवून घालता येतो आणि कोपरे एकाच जागी घासत नाहीत.

उसवता न येणारे कपडे यंत्राने पिंजून त्यांचे पुन्हा सूत काततात. इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्यांपासून ‘शॉडी’ नावाचे कापड काढले. इटलीतल्या प्रातो शहरात हा धंदा आजही मोठा आहे. तिथे चिंध्या आधी रंगावार निवडतात, त्यामुळे बऱ्याचदा पुन्हा रंगवावे लागत नाही. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो. अशा सुताच्या कपड्यावर गोळे लवकर येतात आणि ताकदीसाठी त्यात नवा तंतू मिसळावा लागतो.

मिश्रण ही इथली मोठी अडचण आहे. १९५८ मध्ये शोध लागलेला इलॅस्टेन हा ताणला जाणारा कृत्रिम तंतू दोन-चार टक्के घातला तरी पिंजण्याच्या यंत्राला त्रास होतो, आणि सुती कपडा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवला तरी तो शुद्ध सुती राहत नाही. यंत्रात धुता यावी म्हणून लोकरीच्या तंतूवरचे खवले क्लोरीनने झिजवून त्यावर कृत्रिम राळेचा थर देतात. सोय होते, पण लोकर निव्वळ लोकर उरत नाही. ताण हवा असेल तर सुलट-उलट टाक्यांची पट्टी इलॅस्टेनशिवायही पुष्कळ लवचीक असते. विणीनेच भागत असेल तिथे रसायन घालू नये, हे तत्त्व रचनाकारांनी जरा अधिक हट्टाने पाळायला हवे.

२०२३ मध्ये जगात सुमारे १२.४ कोटी टन तंतू तयार झाले आणि त्यात निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर होते. जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडेच होण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी मानले जाते. वस्त्ररचनेच्या अभ्यासक केट फ्लेचर यांनी २००७ मध्ये ‘स्लो फॅशन’ (संथ फॅशन) हा शब्द रूढ केला तो उत्पादनाच्या याच वेगाला उत्तर म्हणून. युरोपीय संघाने २०२४ मध्ये लागू केलेल्या नियमावलीत न विकलेले कपडे नष्ट करण्यावर मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने बंदी आणि उत्पादनाची माहिती देणारा डिजिटल पासपोर्ट यांची तरतूद आहे.

दुरुस्तीची सोयही रचनेतच करावी लागते. टाक्याच्या वाटेनेच सुई फिरवून केलेला रफू जवळजवळ दिसत नाही, पण त्यासाठी त्याच रंगाईची लोकर हवी, कारण दुसऱ्या खेपेचा रंग क्वचितच तंतोतंत जुळतो. काही उत्पादक म्हणूनच स्वेटरसोबत त्याच सुताची छोटी गुंडी देतात. अनेक धुण्यांनंतर स्वेटर फिकट होतो आणि गुंडी मूळ रंगाचीच राहते, तेव्हा ती आधीपासून स्वेटरबरोबर धूत राहणे उत्तम.