मा (एकाक्षरी शब्द)

मा : ओठ मिटून उच्चारले जाणारे ‘म्’ हे अनुनासिक व्यंजन आणि ‘आ’ हा स्वर यांनी बनलेला एकाक्षरी शब्द. जगातील अनेक भाषांत तो आढळतो, पण एका अर्थाने नव्हे. संस्कृतात तो ‘नको’ आहे, ‘मला’ आहे आणि लक्ष्मीचे नावही आहे. चिनीत सूर बदलेल तसा तो आई, वाखाची वनस्पती, घोडा किंवा शिवी देणे होतो. फार्सीत ‘आम्ही’, अरबीत ‘काय’, तेलुगूत ‘आमचा’, इटालियनमध्ये ‘पण’ आणि हंगेरियनमध्ये ‘आज’ असे त्याचे अर्थ आहेत.

जगात सुमारे सात हजार भाषा बोलल्या जातात. ‘म्’ हे त्यांतील बहुतेक सर्व भाषांत असणारे व्यंजन आणि ‘आ’ हा सर्वांत सहज स्वर. एक व्यंजन आणि एक स्वर ही अक्षराची सर्वत्र चालणारी घडण. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भाषेच्या वाट्याला ‘मा’ हे अक्षर येते आणि ती भाषा आपल्या गरजेप्रमाणे त्याला कामाला लावते. दोन भाषांतला ‘मा’ ऐकायला सारखा आहे एवढ्यावरून त्या भाषांचे नाते सिद्ध होत नाही. हे आवर्जून सांगावे लागते, कारण ध्वनी जुळला की व्युत्पत्ती जुळवण्याचा आणि मग सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्या असे ठरवण्याचा मोह आपल्याकडे जुना आहे. प्रत्येक ‘मा’चा इतिहास स्वतंत्रपणे तपासावा लागतो. काही वेळा तो वारसा निघतो, काही वेळा उसनवारी आणि बहुतेक वेळा निव्वळ योगायोग.

आई या अर्थाचा ‘मा’ मात्र योगायोगाच्या पलीकडचा आहे. एकमेकींशी कसलाही संबंध नसलेल्या भाषांत आईसाठी ‘म’ किंवा ‘न’ असलेले शब्द आढळतात. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी आई आणि वडील यांच्यासाठी वापरले जाणारे १,०७२ शब्द जगभरातून गोळा केले होते. त्यांचा आधार घेऊन भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे कारण मांडले. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तोंड गुंतलेले असते, तेव्हा त्याला नाकातूनच हुंकार काढता येतो. पुढे भूक लागली की तोच हुंकार तोंड उघडून निघतो आणि त्याचा ‘मा’ होतो. बाळ दूध मागत असते. आई त्यात स्वतःचे नाव ऐकते. आपल्याकडील ‘माय’, ‘माउली’ आणि हिंदीतील ‘माँ’ संस्कृत ‘मातृ’च्या वंशातले असले, तरी त्या घराण्याचे मूळही अखेर बाळाच्या तोंडीच असावे. पण हा नियम अपवादाविना नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि आईला ‘देदा’ म्हणतात. मराठीत मामा हा आईचा भाऊ, तर चिनीत आणि युरोपातील कित्येक भाषांत ‘मामा’ ही आईच.

संस्कृतातील मा

संस्कृतात या एका अक्षरावर जेवढा अर्थभार आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अक्षरावर असेल. मराठी वाचकाला त्याची दोन रूपे पाठ असतात, पण ती वेगवेगळी आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. भगवद्गीतेतील ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ या श्लोकात (२.४७) ‘मा’ तीनदा येतो आणि तिन्ही वेळा तो निषेध आहे. बृहदारण्यक उपनिषदातील ‘असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय’ या प्रार्थनेतही तो तीनदा येतो. तिथे मात्र तो ‘माम्’ म्हणजे ‘मला’ याचे आखूड रूप आहे. असत्याकडून मला सत्याकडे ने, असे ते मागणे. गीतेतला ‘मा’ इथे लावला तर प्रार्थनेचा अर्थ नेमका उलटा होईल.

वैदिक उच्चारात हा घोटाळा होत नसे. निषेधाचा ‘मा’ उदात्त म्हणजे चढ्या स्वरात म्हटला जाई. ‘मला’ या अर्थाचा ‘मा’ अनुदात्त असून आधीच्या शब्दाला टेकून येई. पाणिनीने ‘त्वामौ द्वितीयायाः’ या सूत्रात (८.१.२३) या दुसऱ्या ‘मा’ची नोंद केली आहे. हे स्वर बोलण्यातून गेले आणि अर्थ ठरवण्याचे काम संदर्भावर पडले. निषेधाच्या ‘मा’ने क्रियापदाचे रूपही बदलते. भूतकाळाच्या रूपाआधीचा ‘अ’ त्याच्या सान्निध्यात गळतो, असे ‘न माङ्योगे’ (६.४.७४) हे सूत्र सांगते. म्हणून ‘अभूः’ म्हणजे ‘तू झालास’, पण ‘मा भूः’ म्हणजे ‘तू होऊ नकोस’. गीतेच्या त्याच श्लोकात पुढे ‘मा कर्मफलहेतुर्भूः’ येते ते याच नियमाने.

रामायणातील ‘मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः’ हा श्लोक या नियमाला धरून नाही, कारण ‘अगमः’मधला ‘अ’ टिकून आहे. क्रौंचाच्या जोडीतील एकाला मारणाऱ्या निषादाला वाल्मीकींनी दिलेला तो शाप: तुला चिरकाल स्थैर्य लाभू नये. काव्याचा आरंभ शापाने व्हावा हे टीकाकारांना खटकले. त्यांनी पदे वेगळी तोडली आणि ‘मानिषाद’ हा एकच शब्द धरून त्याचा अर्थ ‘लक्ष्मीचे निवासस्थान’, म्हणजे विष्णू, असा लावला. शापाचा मंगलश्लोक झाला. या वाचनाला कोशाचा आधार आहे. अमरकोशात लक्ष्मीची नावे देताना ‘इन्दिरा लोकमाता मा’ असा ‘मा’चा स्पष्ट उल्लेख येतो आणि ‘माधव’ या नावाची एक फोडही ‘मा’चा ‘धव’, म्हणजे लक्ष्मीपती, अशीच केली जाते. तरीही श्लोकातील शोक आणि संताप पाहता शापाचा अर्थच मूळचा, यात शंका राहत नाही.

कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या ‘उमा’ या नावाची उपपत्ती याच निषेधातून दिली आहे. तपाला निघालेल्या मुलीला आईने ‘उ, मा’, म्हणजे ‘अगं, नको’ असे म्हणून अडवले, त्यावरून पुढे तिला ‘उमा’ हे नाव पडले. याखेरीज ‘मा’ हा ‘मोजणे’ या अर्थाचा धातूही आहे. माप, प्रमाण, अनुमान, उपमा, प्रतिमा असे रोजच्या मराठीतले कितीतरी शब्द त्याचेच.

सातवाहन राजा आणि मोदक

निषेधाच्या ‘मा’ची सर्वांत प्रसिद्ध कथा महाराष्ट्रातल्या पैठणची, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानची आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करत असताना पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी त्याला म्हणाली, ‘मोदकैः’ मला मार. राजाने तातडीने मोदक मागवले. राणी हसली. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. ‘मा’मधला आ आणि ‘उदक’मधला उ यांचा संधी होऊन ‘मो’ झाला होता. तुम्हाला ‘मा’ आणि ‘उदक’ या शब्दांचा साधा संधी कळत नाही आणि प्रसंगही कळत नाही, असे ती राजाला सुनावते.

राजाने हे फार मनाला लावून घेतले. सहा वर्षांत तुम्हाला व्याकरण शिकवतो, असे त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा या दुसऱ्या मंत्र्याने सहा महिन्यांची मुदत घेतली. असे झाल्यास मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्याने लावली आणि तो हरला. शर्ववर्म्याचे ते सोपे व्याकरण म्हणजे ‘कातंत्र’. गुणाढ्याने उरलेल्या ‘पैशाची’ म्हणजे पिशाचांच्या मानलेल्या भाषेत रचली ती ‘बृहत्कथा’. कथा दंतकथेच्या स्वरूपाची आहे, पण कातंत्र हे व्याकरण खरोखर आहे आणि बंगाल व काश्मीरमध्ये ते शतकानुशतके शिकवले गेले. राणीच्या बोलण्यातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. संधी न कळणे हा अभ्यासातला उणेपणा झाला. पाण्यात उभे असताना मोदकांचे काय काम, हे व्याकरण न शिकलेल्यालाही सुचायला हवे. एकाक्षरी शब्दाचा अर्थ नेहमीच अशा आसपासच्या गोष्टींवरून लावावा लागतो.

निषेधाचा ‘मा’ संस्कृतापुरता नाही. प्राचीन फार्सीतील ‘मा’ आणि प्राचीन ग्रीकमधील ‘मे’ ही त्याची सख्खी भावंडे, एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेली. तुर्की भाषेतही ‘यापमा’ म्हणजे ‘करू नको’ आणि तिबेटीत क्रियापदाआधी येणारा ‘मा’ नकार दाखवतो. या दोन भाषांचा संस्कृताशी वंशसंबंध नाही आणि तिथले साम्य योगायोगाचे आहे.

सुरांच्या भाषा

चिनी (मँडरिन) भाषेत सूर हा शब्दाचा अविभाज्य भाग आहे. सपाट उंच सुरातला ‘मा’ म्हणजे आई, चढत्या सुरातला वाख देणारी वनस्पती, खाली जाऊन वर येणारा घोडा आणि झपकन उतरणारा म्हणजे शिव्या देणे. देवनागरीत हे चारही सारखेच लिहिले जातात, चिनी लिपीत मात्र प्रत्येकाचे चिन्ह वेगळे आहे. यावर मुलांचे एक जीभ वळवणारे वाक्य आहे: ‘मामा छी मा, मा मान, मामा मा मा’. आई घोड्यावर बसते, घोडा रेंगाळतो, आई घोड्याला रागावते. पाचवा ‘मा’ बिनसुराचा. तो वाक्याच्या शेवटी येऊन प्रश्न करतो. ‘नी हाव मा’ म्हणजे ‘तू बरा आहेस का’. अभ्यासकांच्या मते हा प्रश्नार्थक ‘मा’ जुन्या चिनीतील नकारवाचक शब्दातून आला. ‘येतोस ना?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला हे नवल वाटणार नाही.

व्हिएतनामीत सहा सूर आहेत आणि सहाही सुरांत ‘मा’ला अर्थ आहे: भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि कोकणात ज्याला तरवा म्हणतात ते लावणीचे भातरोप. ‘आई’चा ‘मा’ दक्षिण व्हिएतनामातला. त्याच सुरात तो ‘गाल’ही होतो. यांतील घोडा चिनीतून आलेला. भूतही तिकडूनच आले, पण त्याचे मूळ भारतात आहे. बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या ‘मार’चे नाव बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेले, त्यासाठी एक चिन्ह रूढ झाले आणि त्याचा उच्चार व्हिएतनामीत व जपानीत ‘मा’ असा उरला. जपानीत आणखी एक ‘मा’ आहे, दोन गोष्टींमधले अंतर किंवा दोन स्वरांमधली शांतता. तिथल्या वास्तुकलेत आणि संगीतात त्याला मोठे स्थान आहे. थाई भाषेत ‘मा’ म्हणजे येणे, उंच सुरात घोडा आणि चढत्या सुरात कुत्रा.

अरबी, हिब्रू, फार्सी

अरबीत ‘मा’ प्रश्नही करतो, नकारही देतो आणि ‘जे काही’ असाही अर्थ देतो. ‘माशाअल्ला’ म्हणजे ‘अल्लाने जे इच्छिले ते’. हिंदी-उर्दूतला ‘माजरा’ हा मूळचा ‘मा जरा’, ‘जे घडले ते’. हिब्रूतील ‘मा’ म्हणजेही ‘काय’, आणि इथे साम्य खऱ्या नात्याचे आहे, कारण दोन्ही सेमिटिक भाषा. पेसाह या सणाच्या रात्री ज्यू घरांत सर्वांत लहान मूल ‘मा निश्तना’ या शब्दांनी सुरू होणारे प्रश्न विचारते: ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? कोकणात तेलाचा धंदा करणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली या ज्यू समाजासाठी हग्गादा, म्हणजे हे प्रश्न ज्यात येतात ती त्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. फार्सीतील ‘मा’, म्हणजे ‘आम्ही’, याचा या सगळ्याशी संबंध नाही.

द्राविडी भाषांत तेलुगूचा ‘मा’ मराठी माणसाला चटकन उमगेल. ‘मा इल्लु’ म्हणजे आमचे घर आणि ‘मन इल्लु’ म्हणजे आपले घर. ऐकणाऱ्याला वगळायचे की धरायचे, हा मराठीतील ‘आमचे-आपले’ भेद तिथे तसाच्या तसा आहे. हिंदीत तो नाही. तमिळमध्ये ‘मा’ म्हणजे आंबा आणि ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. त्यांच्या जोडीतून ‘मांगाय’ झाला, पोर्तुगिजांनी त्याचा ‘मांगा’ केला आणि तिथून ‘मँगो’ जगभर गेला. जुन्या तमिळ गणितात ‘मा’ हा विसावा हिस्साही होता.

युरोपात इटालियन ‘मा’ (पण) लॅटिनमधल्या ‘अधिक’ या अर्थाच्या शब्दातून झिजून झाला. पोलिश ‘मा’ म्हणजे ‘त्याच्याकडे किंवा तिच्याकडे आहे’. एस्टोनियनमध्ये ‘मा’ म्हणजे मी. थोडा लांबवला की जमीन किंवा देश. फ्रेंच ‘मा’ हा ‘माझी’. ‘मा दाम’, म्हणजे ‘माझ्या बाईसाहेब’, याचा इंग्रजीत ‘मॅडम’ झाला आणि मराठी शाळांमध्ये आज बाईंना हाक मारताना मुले नकळत हा फ्रेंच ‘मा’ उच्चारतात.

मराठीत

प्रमाण मराठीत ‘मा’ आज स्वतंत्र शब्द म्हणून उरलेला नाही. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) तो ‘मग’, ‘तर’ या अर्थाचे अव्यय म्हणून येतो आणि जुनी मराठी वाचताना नवा वाचक इथे हमखास अडखळतो, कारण त्याला आधी आई आठवते किंवा संस्कृत निषेध. मालवणीत मात्र तो नाकात उच्चारलेल्या ‘मां’च्या रूपाने जिवंत आहे. ‘बरो आसस मां?’ म्हणजे ‘बरा आहेस ना?’ चिनी ‘नी हाव मा’शी हे वाक्य अर्थाने आणि घडणीनेही जुळते. दोन्हींत कसलेही नाते नाही. लेखी मराठीत ‘मा.’ हे ‘माननीय’चे संक्षिप्त रूप निमंत्रणपत्रिकांवर आणि फलकांवर सर्रास दिसते; ‘मान’ धरून आलेला हा ‘मा’ ‘मन्’ धातूचा आहे, मोजण्याच्या ‘मा’चा नव्हे.