वनस्पतीचं औषध, म्हणून निर्धोक?

‘चिनी काढा हजारो वर्षांचा, गुडघ्याची झीज भरून काढतो, अपाय शून्य’ असा एक समज वर्षानुवर्षं फिरतोय.

गुडघ्यासाठी चीनमध्ये दिला जाणारा प्रसिद्ध काढा म्हणजे दुहुओ जिशेंग तांग. सातव्या शतकातल्या वैद्य सुन सिमियाओंचा, १५ घटकांचा. त्यात दालचिनी, ज्येष्ठमध, शिवाय आपल्या आघाड्याचा एक भाऊबंदही आहे. काही लहान चाचण्यांत दुखणं कमी झाल्याचं दिसलं, पण बहुतेकींची पद्धत कच्ची. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा वाढते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

‘अपाय शून्य’ हा भाग तर सरळ धोकादायक. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी नावसाधर्म्यामुळे दुसरीच, ॲरिस्टोलोकिक ॲसिड हे मूत्रपिंडांना घातक द्रव्य असलेली मुळी गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आणि जी मुळी घालायची होती, ती सांधेदुखीवरही वापरतात; म्हणजे अशी अदलाबदल तिथेही होऊ शकते!

सांध्यांच्या काही चिनी औषधांत विषारी बचनागाच्या जातीची मुळंही असतात. शुद्धीकरणात कसर राहिली की हृदयाचे ठोके बिघडतात. वरच्या काढ्यातली दांगग्वेई ही मुळी वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. घटकांची यादी नसलेली पुडी घेऊच नका; यादी असेल तर ती आपल्या डॉक्टरांना दाखवा.